ओळखा पाहू, मी काय काम करतो?

वाचकहो, जुन्या कार्यक्रमांची आठवण काढणारी माणसे प्रत्येक घरात असतात. आजोबा रेडिओच्या आठवणी सांगतात, आई रविवारच्या मालिकेचे नाव काढते आणि मुले हसून दुसरीकडे वळतात. 'तेव्हा काय मजा होती' या वाक्यात थोडे खरे असते आणि थोडे म्हातारपणही असते. म्हणून अशी आठवण निघाली की ती तशीच डोक्यावर घेऊ नये आणि हसून टाकूनही देऊ नये. तिच्यात नेमके काय होते, ते पाहावे.

आज अशीच एक परदेशातली आठवण तुमच्यापुढे ठेवतो. अमेरिकेतल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या लोकांना टीव्हीवरचा एक खेळ अजून विसरता येत नाही. त्यात गाणे नव्हते, नाच नव्हता, मारामारी नव्हती. चार माणसे टेबलामागे बसत आणि पाचव्या माणसाला प्रश्न विचारत, एवढाच तो खेळ. नाव होते 'व्हॉट्स माय लाइन?' म्हणजे आपल्या भाषेत, 'माझा कामधंदा कोणता?'

सीबीएस कंपनीने हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू केला. ३ सप्टेंबर १९६७ रोजी त्याचा शेवटचा भाग झाला. साडेसतरा वर्षांत ८७६ भाग झाले आणि त्यांतले बहुतेक थेट प्रक्षेपणाचे होते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे आपल्याकडे टीव्ही यायच्या पाच वर्षे आधीच तिकडे हा खेळ आटोपला होता. तरीसुद्धा आज यूट्यूबवर त्याचे शेकडो भाग सापडतात आणि तो बंद पडल्यानंतर जन्मलेली माणसेही ते आवडीने पाहतात. असे का व्हावे?

खेळ कसा चाले

रविवारची रात्र, साडेदहाची वेळ. टेबलामागे दोन बाया आणि दोन पुरुष, लग्नसमारंभाला निघाल्यासारखे नटून बसलेले. एक पाहुणा आत येतो. सूत्रसंचालक त्याला आपले नाव फळ्यावर लिहायला सांगतो. पाहुणा खडूने नाव लिहितो आणि सूत्रसंचालकाशेजारी येऊन बसतो. त्याचा धंदा घरी बसलेल्या प्रेक्षकांना पडद्यावर दाखवला जातो. पॅनेलला मात्र ठाऊक नसतो. तो पगारी नोकर आहे की स्वतःचा धंदा करतो, एवढीच खूण पॅनेलला मिळते.

मग प्रश्न सुरू होतात. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच देता येईल, असा प्रश्न विचारायचा. 'हो' आले तर त्याच माणसाने पुढचा प्रश्न विचारायचा. 'नाही' आले की सूत्रसंचालक समोरचा एक पुठ्ठा उलटतो, पाहुण्याच्या नावावर पाच डॉलर जमा होतात आणि पाळी पुढच्याकडे जाते. दहा 'नाही' झाले की पाहुणा जिंकला. बक्षीस किती? पन्नास डॉलर. त्या काळीही ही काही मोठी रक्कम नव्हती.

शेवटी एक नामवंत पाहुणा येई. त्याचा चेहरा सर्वांच्या ओळखीचा असे, म्हणून पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधत. आवाजावरून ओळखू नये म्हणून नट-नट्या चिरक्या, घोगऱ्या आवाजात उत्तरे देत. पहिल्या भागातला असा पाहुणा होता बेसबॉलपटू फिल रिझुटो. पुढे माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट १९५३ मध्ये येऊन गेल्या. जाझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग आला. १९५३ मध्येच रोनाल्ड रेगन नावाचा एक चित्रपट-नट येऊन गेला, जो १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. चित्रकार साल्वादोर दाली १९५७ मध्ये आला आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत सुटला. तुम्ही लेखक आहात का? हो. खेळाडू आहात का? हो. बिचारे पॅनेल चक्रावून गेले.

सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली हा मूळचा बातमीदार होता. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी आणि १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाची बातमी त्याने रेडिओवरून सांगितली होती. इतका वजनदार माणूस एखाद्या साध्या 'हो-नाही'वर पाच-सहा वाक्यांचा खुलासा करी आणि तो खुलासा ऐकून पॅनेलचा गोंधळ आणखी वाढे. डोरोथी किलगॅलन ही पत्रकार बाई वकिलासारखी उलटतपासणी घेई. अर्लिन फ्रान्सिस ही नटी हसतहसत प्रश्न विचारी. बेनेट सर्फ हा रँडम हाऊस या प्रकाशनसंस्थेचा एक संस्थापक. त्याला कोट्या केल्याशिवाय चैन पडत नसे. चौथी खुर्ची पाहुण्यांची. त्या खुर्चीत काही काळ स्टीव्ह अ‍ॅलन हा विनोदी नट होता. एकदा एका वस्तूचा अंदाज घेताना त्याने विचारले, 'ती पावाच्या डब्यापेक्षा मोठी आहे का?' तो प्रश्न इतका गाजला की इंग्रजी बोलण्यात म्हणीसारखा रुळला.

हात पाहून धंदा

आता महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. या खेळाच्या पहिल्या भागात सर्वांत आधी कोण आले? कोणी सेनापती नाही, कोणी उद्योगपती नाही. न्यूयॉर्कच्या एका बड्या क्लबात पाहुण्यांच्या टोप्या आणि कोट सांभाळणारी एक मुलगी आली. तिनेही त्याच फळ्यावर नाव लिहिले. नामवंताला फळा वेगळा नव्हता आणि खडूही वेगळा नव्हता. डेली तिच्याशी जितक्या अदबीने बोलला, तितक्याच अदबीने तो पुढे एलिनॉर रूझवेल्ट यांच्याशी बोलला. जाताना पाहुणा पॅनेलशी हस्तांदोलन करून जाई. हरलेले पॅनेल हसत हार मान्य करी. प्रेक्षक आज ज्याची आठवण काढतात, ती मुख्यतः ही वागणूक आहे.

सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक पद्धत होती. प्रश्न सुरू होण्याआधी पाहुण्याला पॅनेलसमोरून चालवत नेत. पॅनेलमधले लोक त्याचे हात पाहत. तळव्याला घट्टे आहेत का, नखांत तेल-माती आहे का, दंड कसलेला आहे का, हे पाहून पहिला अंदाज बांधत. पुढे ही पद्धत बंद झाली. पण तिच्यात या खेळाचे मर्म आहे. माणसाच्या अंगावर त्याच्या कामाची खूण असते, असे सगळेच धरून चालतात. आणि तो समज खोटा ठरला की खेळ रंगतो. सुटाबुटातला माणूस जनावरांचा धंदा करणारा निघे. नाजूक दिसणारी बाई पुरुषांचे समजले जाणारे काम करणारी निघे. सगळे सभागृह हसे. पण ते हसू कोणाचे होते? बाईच्या कामाचे, की बाईला ते जमणार नाही असे धरून बसलेल्यांचे? खरे सांगायचे तर दोन्हींचे. जुने भाग आज पाहताना ही गोष्ट डोळ्यांआड करू नये.

आणि इथे आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही. हाच खेळ १९५० मध्ये आपल्या एखाद्या खेड्यात मांडला असता तर? तो चाललाच नसता! माणसाचे आडनाव काय आणि घर गावाच्या कोणत्या बाजूला, एवढे दोन प्रश्न विचारले की धंदा कळत असे. दहा पुठ्ठ्यांची गरजच नव्हती. कारण धंदा माणसाने निवडलेला नव्हता, जन्मानेच त्याच्या गळ्यात बांधलेला होता. माणसाचे काम ओळखणे हा खेळ व्हायचा असेल तर आधी काम निवडण्याचे स्वातंत्र्य लागते. ज्या समाजात उत्तर आधीच ठरलेले असते, तिथे प्रश्नाला काय मजा?

अमेरिकाही काही स्वर्ग नव्हता. १९५० मध्ये तिथे नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी फार मोठा भाग गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करीत होता. दक्षिणेच्या राज्यांत शाळा वेगळ्या होत्या, बसमधल्या जागा वेगळ्या होत्या. 'व्हॉट्स माय लाइन?'मध्ये कृष्णवर्णीय कलावंत आणि खेळाडू गूढ पाहुणे म्हणून येत आणि त्यांना टाळ्या मिळत. पण टेबलामागच्या कायमच्या खुर्च्या गोऱ्यांच्याच होत्या. टाळ्या मिळणे आणि खुर्ची मिळणे यांत काय फरक असतो, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

ज्याने टीव्ही शोधला, त्यालाच टीव्हीने ओळखले नाही

मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या निर्मात्यांच्या जोडीने याच जातीचे आणखी दोन खेळ काढले. पहिला, १९५२ मध्ये सुरू झालेला 'आय हॅव गॉट अ सीक्रेट', म्हणजे 'माझ्याजवळ एक गुपित आहे'. पाहुणा सूत्रसंचालक गॅरी मूर याच्या कानात आपले गुपित सांगे, प्रेक्षकांना ते पडद्यावर दिसे आणि पॅनेलने ते प्रश्न विचारून शोधायचे.

१९५६ च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमात ९५ वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ आले. नाव सॅम्युअल सेमूर. त्यांचे गुपित असे की १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा पाच वर्षांचे सेमूर त्याच नाट्यगृहात बसलेले होते. गुलामगिरी मोडणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचा खून प्रत्यक्ष पाहिलेला माणूस टीव्हीच्या पडद्यावर बसून बोलतो आहे, हे दृश्य आजही पाहायला मिळते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल १९५६ मध्ये सेमूर वारले. एका माणसाच्या आयुष्यात घोडागाडीही बसली आणि टीव्हीही बसला. इतिहास आपल्याला वाटतो तितका दूर नसतो.

दुसरा प्रसंग ३ जुलै १९५७ चा. पाहुण्याचे नावही पॅनेलला सांगितले नव्हते, नुसते 'डॉक्टर एक्स' म्हटले होते. त्यांचे गुपित होते: मी वयाच्या चौदाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक टीव्हीचा शोध लावला. हे होते फायलो फार्न्सवर्थ. शेतकऱ्याचा मुलगा. आयडाहो राज्यात शेत नांगरताना तासांमागून तास पडत जातात ते पाहून त्याच्या मनात आले की चित्रही असेच ओळी-ओळींनी फाडून पाठवता येईल. ७ सप्टेंबर १९२७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या प्रयोगशाळेत पहिले असे चित्र पाठवून दाखवले. पुढे आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटसाठी वर्षानुवर्षे झगडा झाला. पेटंटचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण जगात नाव झाले ते कंपनीचे.

त्या रात्री पॅनेलने खूप प्रश्न विचारले. ओळखता आले नाही. फार्न्सवर्थला ८० डॉलर आणि प्रायोजकाच्या सिगारेटींचे एक खोके मिळाले. विचार करा, त्याच्याच शोधावर चालणाऱ्या पेटीत तो बसला होता आणि त्या पेटीने लाखो घरांत पोहोचवलेल्या चारही हुशार माणसांना तो कोण हे माहीत नव्हते. प्रेक्षकांनी त्या रात्री हसून टाळ्या वाजवल्या असतील. आपण मात्र हा भाग पाहताना थांबून विचार केला पाहिजे, की ज्यांच्या श्रमावर आपण रोज बसतो, त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

'खऱ्या रोझा पार्क्स, कृपया उभ्या राहा'

तिसरा खेळ 'टू टेल द ट्रूथ', म्हणजे 'खरे सांगायचे तर'. तो १८ डिसेंबर १९५६ रोजी सुरू झाला. यात तीन जण येत आणि तिघेही एकच नाव सांगत. दोघे तोतये, एक खरा. तोतयांना खोटे बोलायची मुभा, खऱ्याने मात्र खरेच बोलायचे. पॅनेल प्रश्न विचारून मत देई. शेवटी सूत्रसंचालक म्हणे, 'खरे अमुक अमुक, कृपया उभे राहा.' मग एक जण उठल्यासारखे करी, दुसरा उठल्यासारखे करी आणि अखेर खरा माणूस उभा राही. हे वाक्यही पुढे इंग्रजीत म्हणीसारखे वापरले जाऊ लागले.

ज्या आठवड्यात हा खेळ सुरू झाला, त्याच आठवड्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचा बस-बहिष्कार विजयी होऊन संपला. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला होता. त्यांना अटक झाली. ३८१ दिवस तिथले कृष्णवर्णीय लोक पायी चालले, पण बसमध्ये चढले नाहीत.

आता पुढचे ऐका. १९८० मध्ये, म्हणजे त्या नकाराला पंचवीस वर्षे होत आली असताना, 'टू टेल द ट्रूथ'च्या नव्या आवृत्तीत स्वतः रोझा पार्क्स पाहुण्या म्हणून आल्या. दोन तोतयांबरोबर त्या रांगेत बसल्या. ज्या बाईने साऱ्या देशाला हलवून सोडले, तिचा चेहरा इतका अनोळखी होता की तिच्यावर असा खेळ रचता आला! आणि या खेळाचे ते ठरलेले वाक्य आठवा. 'उभी राहा' असे बसच्या ड्रायव्हरने सांगितले तेव्हा जी उभी राहिली नाही, तिच्यापुढे 'कृपया उभ्या राहा' या वाक्याचा खेळ मांडला होता. त्या दोन शब्दांत किती फरक पडला! एकदा उभे राहायचे होते जागा सोडण्यासाठी. दुसऱ्यांदा, आपण कोण ते जगाला सांगण्यासाठी.

जे पडद्यावरून पुसले गेले

आठवणी गोड असतात, कारण कडू भाग त्यांतून गळून जातो. म्हणून तो मुद्दाम सांगितला पाहिजे. 'व्हॉट्स माय लाइन?'च्या पहिल्या पॅनेलमध्ये लुई अंटरमायर नावाचे कवी होते. वयाने साठीच्या पुढचे, विद्वान, विनोदी. त्या वर्षांत अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने संशयाची लाट उठली होती. अंटरमायर यांनी पूर्वी ज्या संस्थांना आणि पत्रकांना पाठिंबा दिला होता, त्यावरून त्यांच्याविरुद्ध ओरड सुरू झाली. प्रायोजक घाबरले आणि १९५१ मध्ये त्यांची खुर्ची गेली. त्या खुर्चीवर बेनेट सर्फ आले. नाटककार आर्थर मिलर यांनी १९८७ च्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की या धक्क्याने अंटरमायर वर्षभराहून अधिक काळ घराबाहेर पडले नाहीत. दर आठवड्याला देशभर दिसणारा माणूस एकाएकी दिसेनासा झाला आणि खेळ हसतखेळत पुढे सोळा वर्षे चालला. अंटरमायर पुढे सावरले. १९६१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांना काव्यविषयक सल्लागार नेमले. पण त्या सभ्य टेबलाच्या पायाखाली ही गोष्ट आहे, हे विसरू नये.

दुसरी एक बाजू या खेळांच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९५५ नंतर अमेरिकेत मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजुषांचे पेव फुटले. त्यांत कोलंबिया विद्यापीठातला चार्ल्स व्हॅन डोरेन हा तरुण अध्यापक घरोघरी लाडका झाला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यानेच संसदेच्या समितीपुढे कबूल केले, की उत्तरे त्याला आधी पुरवली जात होती. देशाला धक्का बसला. तोपर्यंत त्यांतले बहुतेक खेळ बंदही पडले होते. पन्नास डॉलरचा हा खेळ मात्र टिकला. पन्नास डॉलरसाठी कोण लबाडी करणार? शिवाय इथे प्रेक्षकाला उत्तर आधीच माहीत असे. लोक पैशासाठी नव्हे, तर माणूस कसा विचार करतो ते पाहण्यासाठी बसत.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५१ मध्ये हाच खेळ घेतला. तिथे पाहुणा आधी आपल्या कामाचा मूक अभिनय करून दाखवी आणि जिंकला तर पैशाऐवजी एक प्रशस्तिपत्र मिळे. तिथे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कुंभारकामाच्या कारखान्यातला एक धंदा फार गाजला. भट्टीत कपबशा भाजताना त्या ज्या मातीच्या पेट्यांत रचतात, त्या पेट्यांचा तळ लोखंडी कड्यात माती ठोकून बनवणारा कामगार. त्याच्या धंद्याचे इंग्रजी नाव 'सॅगर मेकर्स बॉटम नॉकर' इतके विचित्र की ऐकणारा हसतोच. पण ते हसू ओसरल्यावर साऱ्या देशाला एक गोष्ट कळली: आपल्या हातातली चहाची कपबशी त्या पोराच्या ठोकण्यावाचून तयार होत नाही.

आठवण जपली कोणी?

हे सगळे आज पाहता येते, याचेही श्रेय द्यायला हवे. त्या काळी थेट कार्यक्रमाची नक्कल काढायची तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावावा लागे. त्या फिल्मला किनेस्कोप म्हणत. काम झाले की कंपनी त्या फिल्म नष्ट करी. १९५२ मध्ये हे निर्मात्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी पैसे मोजून प्रत्येक भागाची प्रत ठेवायला सुरुवात केली. म्हणून १९५२ च्या मध्यापासूनचे बहुतेक भाग टिकले आणि त्याआधीचे बहुतेक कायमचे गेले. अंटरमायर ज्या काळात बसत होते, तो जवळजवळ सारा काळच पुसला गेला. ब्रिटनमधल्या पहिल्या आवृत्तीचेही फारच थोडे भाग शिल्लक आहेत.

जे टिकले ते अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या गेम शो नेटवर्क या वाहिनीने रात्री उशिरा दाखवले, तेव्हा लोक झोपमोड करून ते पाहत. मग ते यूट्यूबवर आले. या प्रेक्षकांना एक भाग विशेष चटका लावतो. ७ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री डोरोथी किलगॅलन नेहमीसारख्या प्रश्न विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या घरी मृत आढळल्या. वय अवघे ५२. पुढच्या रविवारी त्यांना आदरांजली वाहून कार्यक्रम झाला. आणि दोन वर्षांनी शेवटच्या भागात पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, तेव्हा गूढ पाहुणा म्हणून उत्तरे द्यायला बसला तो खुद्द जॉन डेली. साडेसतरा वर्षे दुसऱ्यांचे धंदे ओळखायला लावणाऱ्याला अखेर त्याच प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली.

घरी खेळून पाहा

भगिनींनो, बंधूंनो, या खेळाला टीव्ही लागत नाही. सुट्टीच्या संध्याकाळी मुलांना घेऊन बसा. जुन्या लग्नपत्रिकांचे दहा पुठ्ठे कापा. एकाने मनात एक काम धरावे, बाकीच्यांनी 'हो-नाही'चे प्रश्न विचारावेत. प्रत्येक 'नाही'ला एक पुठ्ठा उलटावा. दहा उलटले की मनात धरणारा जिंकला.

मुले आधी थेट नावे घेतील: डॉक्टर? पोलीस? पुठ्ठे भराभर संपतील. मग त्यांना युक्ती सांगा. असा प्रश्न विचारावा की उत्तर काहीही आले तरी निम्म्या शक्यता गळाल्या पाहिजेत. काम उघड्यावर चालते का? हाताने वस्तू तयार होते का? रात्रपाळी असते का? शक्यता दर वेळी निम्म्या झाल्या, तर दहा प्रश्नांत १,०२४ वस्तूंतून एक शोधता येते आणि वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक वस्तूंतून एक. पाठांतरापेक्षा प्रश्न विचारता येणे मोठे, हे मुलाला पुस्तकाशिवाय समजेल.

एक नियम आपल्या पदरचा घालावा. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर ही नावे तर हवीतच, पण सफाई कामगार, गिरणीतला जॉबर, विडी वळणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, रात्रीचा सिग्नलवाला हीही हवीत. उत्तर सापडले की खेळ थांबवून दोन मिनिटे त्या कामाविषयी बोलावे: ते कसे करतात, त्यात धोका काय, मजुरी किती, त्याच्यावाचून कोणाचे अडते. मुलाला कुठलेच काम हलके वाटू नये आणि कुठलेच काम जन्माने आपल्यासाठी राखून ठेवले आहे असेही वाटू नये.

मग शेवटच्या डावाला आजीला मधे बसवा. तिने आयुष्यात काय काय कामे केली ते नातवंडांना प्रश्न विचारून शोधू द्या. दहा पुठ्ठे पुरणार नाहीत. आणि आजीनेही नातीला विचारावे, तू पुढे काय काम करणार? त्या प्रश्नाचे उत्तर आडनावावरून ओळखता येत नाही, यातच त्या घराची सगळी कमाई आहे.